वाहन क्रमांक चारशे बारा

मॅनेजर बाईंनी नकाशावरच्या शेवटच्या चौकोनावर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि इंजिनियरने ती खोडरबराने पुसून टाकली. कागदावर गुलाबी डाग राहिला. बाईंनी त्या डागावरच पुन्हा फुली मारली.

“एकोणचाळीस चार्जर कबूल,” बाई म्हणाल्या. “चाळिसावा कोणासाठी?”

“चारशे बारासाठी.”

“म्हणजे एका गाडीसाठी.”

“एका माणसासाठी,” इंजिनियर म्हणाला. मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून तो नकाशाची वळलेली कडा उगाचच तळहाताने सपाट करत राहिला.

बारा मजल्यांचं संकुल होतं ते. खाली दुकानं, वर कचेऱ्या, आणि पोटात तीन तळघरं मिळून नऊशे गाड्यांची जागा. विजेवरच्या गाड्या वाढत चालल्या होत्या, आणि भाडेकरूंनी ओरडा करायच्या आत चार्जर बसवून मोकळं व्हावं, असं मालकांनी ठरवलं होतं. किती, कुठे आणि किती ताकदीचे, हे ठरवायचं काम इंजिनियरचं. भिंतीला डबा ठोकला की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण दुपारी तीनला, सगळ्या मजल्यांचं एसी एकदम चालू असताना, इमारतीच्या विजेत जागा किती उरते हे आधी मोजावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणती गाडी किती वेळ उभी राहते ते. अर्ध्या तासाच्या गिऱ्हाइकाला झटपट चार्जर हवा, दिवसभर उभ्या राहणाऱ्याला सावकाश चालणारा पुरतो.

हे काम तो सव्वीस वर्षं करत आला होता, अलीकडे टेबलावर बसूनच. कचेरीतली पोरं त्याला पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत, आणि हे त्याला ठाऊक असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. इमारतींत हिंडायचं काम पोरांचं. या वेळी मात्र पोरं दोन दिवस हिंडली आणि तिसऱ्या दिवसापासून तो स्वतः रोज येऊ लागला. प्रकरण नाजूक आहे, असं त्याने कचेरीत सांगितलं. प्रकरण काही नाजूक नव्हतं. बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि घर त्याला खायला उठत होतं, एवढंच.

गाड्यांची यादी दर सोमवारी यायची. फाटकावरचा कॅमेरा नंबर टिपायचा, पण कोण कधी आला-गेला याचा बोभाटा नको म्हणून खऱ्या नंबराऐवजी यादीत नुसते क्रमांक असत. वाहन एक, वाहन दोन. पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या त्यात मिसळू नयेत म्हणून त्यांचे नंबर आधी पत्राने कळवायचे, म्हणजे त्या वगळल्या जातात. हे तो नव्या पोरांकडून घोकून घ्यायचा. मोजणाऱ्याने आधी स्वतःला वजा करावं, ही त्याची बाराखडी होती.

पहिल्या यादीतच त्याला चारशे बारा दिसला. सकाळी आठ पाचला आत, संध्याकाळी सात चाळीसला बाहेर. तिसरं तळघर. दुपारी जेवायलासुद्धा गाडी हललेली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि रविवारीही.

कामसू दिसतो, असं त्याला पहिल्या आठवड्यात वाटलं. दुसऱ्या यादीतही रविवार भरलेला पाहिला आणि त्याने चष्मा काढून डोळे चोळले. ज्याची घरी कोणी वाट बघत असेल, तो रविवारी तळघरात गाडी लावायला येत नाही. त्या दोन्ही रविवारी तो स्वतः तिथेच होता, तिसऱ्या तळघरातल्या पॅनेलच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी इमारत किती वीज खाते ते मोजत. म्हणजे मध्ये एक भिंत. पलीकडे हा कोण एकटा माणूस होता आणि अलीकडे आपण. चहाला तरी हाक मारता आली असती.

तेव्हापासून तो नकाशा काढताना चारशे बाराशी बोलू लागला होता. मोठ्याने नव्हे, तेवढा तो अजून कामातून गेला नव्हता. चाळिसावी जागा त्याने पॅनेलच्या भिंतीलगत काढली. लिफ्ट जवळ, वरून ठिबकणारा पाइप नाही. आणि चार्जर सावकाश चालणारा, म्हणजे दर चार तासांनी गाडी हलवून दुसऱ्याला जागा द्यायचा जो नियम बाईंनी केला होता, तो याला लागू नको.

“नियम म्हणजे नियम,” बाई म्हणाल्या. “उद्या सगळेच म्हणतील, आम्हालाही हलवू नका.”

“जो माणूस जेवायला उठत नाही, त्याला गाडी हलवायला उठवायचं?”

“तुम्ही ओळखता त्याला?”

“नाही.”

“मग त्याचं वकीलपत्र कशाला घेतलंय?” बाई हसल्या, पण पेन्सिल खाली ठेवली. “असं करा साहेब. भेटा त्याला. विचारा, बाबा रे, तुला हवाय का चार्जर. हवा असेल तर पुढच्या मंगळवारी मी सही करते. नाहीतर एकोणचाळीस.”

तिसऱ्या तळघरात कामाच्या दिवशी तीनशे गाड्या असत. त्यातून एक शोधायची तर नंबर हवा, आणि नंबर बाई देणार नव्हत्या. रविवारी मात्र ते तळघर दुकानांच्या गिऱ्हाइकांना बंद असे, फक्त पासवाल्यांना खुलं. रविवारीच गाठायचं, असं त्याने ठरवलं.

शनिवारी लेकीचा फोन आला. ती दोन तासांच्या अंतरावर राहायची.

“बाबा, उद्या येताय ना जेवायला?”

“उद्या जरा काम आहे गं.”

“रविवारी कसलं काम? हा तिसरा रविवार.”

“एका माणसाला भेटायचंय.”

“कोणाला?”

“ओळख व्हायचीय अजून.”

मग लेक म्हणाली, “बरं. तुमचा नातू काल काय विचारत होता सांगू? आजोबा फोनमध्येच राहतात का म्हणून.”

तो हसला. फोन ठेवल्यावर चष्मा शोधायला त्याने टेबल पालथं घातलं. चष्मा कपाळावर होता. बायको असती तर ‘काखेत कळसा’ एवढंच म्हणून कामाला लागली असती. आता सांगणारं कोणी नाही म्हणून त्याने दुसरा चष्मा घेऊन ठेवला होता.

रविवारी आठ वाजता त्याने गाडी पॅनेलच्या खोलीजवळ, नेहमीच्या जागी लावली आणि उतारावर नजर ठेवून आतच बसून राहिला. शेजारच्या सीटवर थर्मास आणि दोन कप. काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं होतं. नमस्कार, मी इथे चार्जर बसवतोय, तुमच्याबद्दल जरा विचारायचं होतं. पुढचं आपोआप सुचेल.

तळघरातले दिवे हालचालीवर चालणारे होते. दहा मिनिटं कोणी हललं नाही की एकेक ओळ विझत यायची. मग तो खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचा, की दिवे पुन्हा लागायचे. नऊ वाजले, दहा वाजले. कोणी आलं नाही. अकराच्या सुमाराला म्हातारा वॉचमन फेरी मारत आला आणि काचेशी वाकला.

“साहेब, सारखा हात दाखवताय, मला वाटलं बोलावताय.”

“नाही हो, दिव्यासाठी. इथे रोज एक जण येतो, त्याची वाट बघतोय.”

“आज? रविवारी इथं कुत्रं फिरकत नाही.”

“हा फिरकतो. दर रविवारी येतो.”

वॉचमनने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. दुपारी दोन वाजता इंजिनियरने डबा खाल्ला. चारला थर्मासमधला एक कप स्वतः घेतला आणि दुसरा वॉचमनला दिला. चहा कोमट झाला होता, तरी वॉचमनने छान आहे म्हटलं. दोघं थोडं बोलले, गुडघेदुखीबद्दल. मग वॉचमन वर गेला आणि दिवे विझले. या वेळी त्याने बराच वेळ हात हलवला नाही.

सातला त्याने आशा सोडली. वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याखाली बरंही वाटलं. आज कोणीतरी बोलावलं असेल त्याला. बहीण असेल, लेक असेल. जेवून, वामकुक्षी करून मजेत बसला असेल. त्याने आपल्यालाही यातलं काही कळवायला हवं होतं असं उगाच वाटून गेलं, आणि स्वतःचंच हसू आलं. गाडी सुरू करून तो घरी गेला.

सोमवारी यादी आली. रविवारच्या पानावर तिसऱ्या तळघराखाली एकच ओळ होती.

वाहन चारशे बारा. आत आठ दोन. बाहेर सात अकरा.

त्याने ओळ वाचली, आणि हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा तिथे नव्हता, डोळ्यांवरच होता. त्याने ओळ पुन्हा वाचली. मग ड्रॉवरमधून पाहणीच्या गाड्यांचं पत्र काढलं. खाली त्याची सही होती आणि वर दोन नंबर, दोन्ही पोरांच्या गाड्यांचे. पत्र लिहिलं त्या दिवशी तो स्वतः जाणारच नव्हता.

मग त्याने तिन्ही आठवड्यांच्या याद्या समोर घेतल्या आणि चारशे बाराची एकेक ओळ बोट ठेवून वाचली. अकरा तास पस्तीस मिनिटं. अकरा तास दहा. बारा तास. एवढा वेळ आपण तिथे काय करत होतो, हे त्याला आठवेना. काम चार तासांचं होतं. ज्या माणसाची इतके दिवस कीव केली, त्याची आता लाज वाटली, आणि थोड्या वेळाने लाजही गेली आणि त्याला फक्त फार एकटं वाटलं. बाहेरून पोरांचा हसण्याचा आवाज आला. त्याने नवं पत्र लिहायला घेतलं.

मंगळवारी मॅनेजर बाई नकाशा उघडूनच बसल्या होत्या. चाळिसाव्या चौकोनावर फुली नव्हती. शेजारी त्यांची सही होती.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “मीच विचार केला. असतात अशी माणसं. एका चार्जरने आमचं काय बिघडतंय? बरं, भेटला का तो?”

“भेटला.”

“मग? काय म्हणाला?”

त्याने लाल पेन्सिल उचलली, चौकोनावर स्वतःच फुली मारली आणि पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. पत्र दोन ओळींचं होतं. पाहणीच्या गाड्यांत एक गाडी कळवायची राहिली, ती यादीतून वगळावी. खाली गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव.

बाईंनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्या विनोद करतील म्हणून त्याने तयारी ठेवली होती. त्यांनी पत्राची घडी केली आणि फाइलमध्ये नीट ठेवली.

“साहेब, पाहणी संपली ना तुमची?”

“कधीच.”

“मग घरी जा की,” बाई हळूच म्हणाल्या.

तो तळघरात गाडीत येऊन बसला आणि त्याने लेकीला फोन लावला.

“बाबा? या वेळी? बरं आहे ना?”

“बरं आहे. रविवारी किती वाजता येऊ?”

“सकाळीच या. थांबायचंही बघा दोन दिवस.” मग तिचा आवाज जरा जपून आला. “ते तुम्ही कोणाला भेटणार होता, झाली भेट?”

“झाली.”

“त्यांनाही आणा मग. आणणार ना? एक ताट जास्त धरते.”

“आणतो,” तो म्हणाला. “पण ताट दोघांत एकच धर.”

“म्हणजे?”

“आल्यावर सांगतो.”

फाटकावर कॅमेऱ्याने नंबर टिपला आणि दांडा वर गेला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.