सासूबाईंची उभी राहायची जागा

जावयाने सासूला काय सांगावं आणि काय सांगू नये, याचे नियम कुठे लिहिलेले नसतात. पण मोडले की लगेच कळतं. आमच्या गोष्टीतले जावईबापू हे नियम डोळ्यांत तेल घालून पाळत. लग्नानंतर त्यांची बदली नेमकी बायकोच्या माहेराजवळ झाली, भाड्याची जागा मिळेना, म्हणून दोन महिन्यांपुरते ते सासूबाईंच्या घरी राहिले. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. सगळी वस्ती त्यांना जावईबापू म्हणायची, आणि ऑफिसातल्या मॅडमही तेच म्हणायला लागल्या होत्या.

त्यांचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे आणि मग पुन्हा विचारायचे. ते जमिनीतून निघणारा वायू मोजत. वस्तीपलीकडे मोठी दलदल होती आणि तिच्या पोटात पीट होतं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली राहून नीट न कुजलेलं गवत आणि शेवाळ. हातात घेतलं तर चहाच्या ओल्या चोथ्यासारखं लागतं. पाण्यात आहे तोवर ते गुपचूप पडून असतं. चर खणून पाणी काढलं की त्याला हवा लागते, ते कुजतं आणि कार्बन डायऑक्साइड होऊन वर निघून जातं. जमीन हवेत जाते म्हणा ना. ही दलदल मागच्या पिढ्यांनी चर खणून कोरडी केली होती. त्यातल्या अर्ध्या भागात काही वर्षांपूर्वी चरांना बांध घालून पाणी परत आणलं. उरलेला अर्धा भाग अजून कोरडा होता, आणि सासूबाईंचं घर तिथे होतं.

घर खोल रोवलेल्या खांबांवर उभं होतं, म्हणून ते जागच्या जागी राहिलं आणि भोवतालची जमीन खाली गेली. जावईबापू वऱ्हाड घेऊन आले तेव्हा दाराला दोन पायऱ्या होत्या. आता पाच होत्या. शेवटच्या दोन सासऱ्यांनी स्वतः बांधल्या आणि त्यानंतर ते गेले. सासूबाई रोज सकाळी त्या पायऱ्या धुवून काढत. जोत्याखाली पूर्वी मांजर जेमतेम शिरायचं, आता तिथे सायकल ठेवत.

शुक्रवारी बैठक होती. घरामागचा मोठा चर बंद करायचा की नाही, हे त्यात ठरणार होतं. बंद केला तर पाणी जोत्यापर्यंत येणार, घर सोडावं लागणार, आणि सासूबाईंना शहरात तिसऱ्या मजल्यावरची जागा मिळणार. नाही केला तर घर राहणार आणि पायऱ्या वाढत जाणार. निकाल लागणार होता तो जावईबापूंच्या आकड्यांवर, आणि आकड्यांनी त्यांच्या डोक्याचं पार भजं करून ठेवलं होतं.

कोरड्या भागातले आकडे शहाण्यासारखे वागत. गोंधळ ओल्या भागात होता. पाणी परत आलं की कार्बन डायऑक्साइड थांबतो, पण मिथेन निघायला लागतो, आणि तो थोडा असला तरी हवा फार तापवतो. काही वर्षं निघतो, मग कमी होतो, असं सगळे सांगतात. इथे मात्र वायू मोजायच्या सहा पेट्यांपैकी पाच नीट बोलत होत्या आणि सहावी अशी काही ओरडत होती की सगळी सरासरी तिच्यामागे फरफटत जायची.

"निघतो मिथेन, मान्य," मॅडम म्हणाल्या. "पण एवढा?"

"एवढा निघायला नको."

"पण निघतोय ना?"

"निघतोय."

"मग मी बैठकीत काय सांगू? पाणी आणू नका, कोरडंच ठेवा म्हणून? आणि कोरड्यातून जातंय ते?"

इकडे आड तिकडे विहीर. पेटीखाली बुडबुडा सुटला की यंत्राच्या पडद्यावरची रेघ एकदम उडी मारते. अशी उडी दिसली तर ती मोजणी बाजूला ठेवायची. पण इथे जवळजवळ प्रत्येक मोजणीत उडी होती, आणि दलदलीतून बुडबुडे आपसूकही सुटतात. मग हा तिचा स्वभाव की आजार? त्यांनी यंत्र बदललं, नळी बदलली, पेटीचं रबर बदललं. सहावी पेटी ओरडतच राहिली.

घरी बायकोने वेगळाच घोर लावला होता. ती औषधाच्या दुकानात काम करायची, आणि तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिला चराबद्दल विचारायचं.

"एका शब्दात सांग," ती म्हणाली. "ओलं बरं की कोरडं?"

"एका शब्दात नाही सांगता येत."

"बरं, दोन शब्दांत सांग."

"माहीत नाही."

"झाले दोन," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

सासूबाई मात्र काहीच विचारत नव्हत्या. उलट गेले पंधरा दिवस त्या जावयाशी इतक्या गोड वागत होत्या की जावईबापूंना भीती वाटायला लागली होती. जावयाच्या खोकल्यासाठी काढा होत होता. रेडिओवरच्या बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज न सांगता कमी होत होता. परवा तर त्यांनी लेकीला ऐकवलं, "नवऱ्याशी जरा मऊ बोलत जा. असा माणूस मिळायला नशीब लागतं." अकरा वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आपल्याला काही दुर्धर आजार झालाय आणि तो फक्त आपल्यालाच सांगितलेला नाही, असंही जावईबापूंच्या मनात येऊन गेलं.

दुपारचा डबा त्या स्वतः घेऊन यायच्या. सहाव्या पेटीची वेळ आणि डब्याची वेळ एकच. मोजणीची रीत अशी होती: जमिनीत रोवलेल्या कड्यावर पारदर्शक पेटी ठेवायची, काही मिनिटं मोजायचं, मग वर काळं कापड टाकून अंधारात पुन्हा मोजायचं. वारा सुटला की कापड उडायचं. वसंतात ते एकदा उडून थेट पाण्यात पडलं, तेव्हा सासूबाई मनसोक्त हसल्या आणि म्हणाल्या, "द्या, मी धरते टोक." तेव्हापासून टोक त्यांचंच झालं.

दलदलीवर फळ्यांची वाट होती आणि फळी सोडून खाली पाय ठेवायचा नाही, हा पहिला नियम होता. पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही जावईबापूंनी दंडाला धरून फळीवर घेतलं होतं. पण सासूबाई अंगाने भरभक्कम, आणि फळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "मला पायाखाली जमीन लागते," असं म्हणून त्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पेटीच्या पलीकडच्या बाजूला गवतावर उभ्या राहत. आता सासूला 'इथून सरका' कोण सांगणार? जावईबापू पडद्याकडे बघत आणि मोजत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मंगळवारी सासूबाईंचा गुडघा धरला. डबा शेजाऱ्याबरोबर आला आणि त्या दिवशी सहावी पेटी शेजारच्या पाच पेट्यांसारखीच शहाणी निघाली. रेघ एकदम सरळ. जावईबापूंना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी ते उघडलं, फुंकर मारली, पुन्हा बंद केलं आणि पुन्हा मोजलं. तरी सरळ.

बुधवारी सासूबाई आल्या. डबा फळीवर ठेवून त्यांनी पलीकडे जाऊन कापडाचं टोक धरलं. दुखरा गुडघा होता, म्हणून उभ्या उभ्या त्यांनी भार या पायावरून त्या पायावर घेतला. कड्याच्या कडेला बारीक बुडबुडे आले आणि पडद्यावरची रेघ उडाली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पाय बदलला. रेघ पुन्हा उडाली.

जावईबापू पडद्याकडे बघत राहिले, मग सासूबाईंच्या बुटांकडे. पिचकारीसारखं होतं सगळं: वरून भार आला की खाली अडकलेला वायू बाहेर. हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, फळ्या घातल्या होत्या त्या त्यासाठीच तर होत्या, आणि त्यांनी स्वतः किती जणांना ते समजावून सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण सासूबाई त्यांच्या हिशेबात बाहेरच्या माणसांत नव्हत्याच. त्या होत्या तिथे होत्या, आकाशासारख्या.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. कोडं सुटलं होतं. पण हे मॅडमना सांगितलं तर सहाव्या पेटीच्या सगळ्या मोजण्या बाद होणार. मग ओला भाग चांगला ठरणार. मग चर बंद. मग जी बाई कापडाचं टोक धरून उभी आहे तिचंच घर जाणार. न सांगितलं तर घर राहील, काढा मिळत राहील, आणि दरवर्षी जमिनीचा एक पापुद्रा हवेत जात राहील. कुणालाच कळणार नाही. त्यांना हे कळेना की त्यांना नक्की वाईट कशाचं वाटतंय. त्यांनी घास तोंडात घातला आणि चावायचं विसरले.

मग त्यांनी अकरा वर्षांत न केलेली गोष्ट केली.

"आई," ते म्हणाले, "जरा फळीवर उभ्या राहता का?"

वाऱ्याने कापड फडफडलं. सासूबाईंनी जावयाकडे इतका वेळ बघितलं की जावईबापूंनी नजर डब्यात घातली.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी हलले की ती रेघ हलते. पंधरा दिवस झाले, मी बघतेय. तुमचं तोंड यंत्राकडे, माझंही तोंड यंत्राकडे. मला वाटलं, तुम्हाला कळत नसेल असं कसं होईल. रोजचं काम आहे तुमचं. तरी तुम्ही मला सरका म्हणत नाही." त्या थांबल्या. "मला वाटलं, घर राहावं म्हणून तुम्ही मला उभं करताय."

जावईबापूंना काढा आठवला. टीव्हीचा आवाज आठवला. असा माणूस मिळायला नशीब लागतं, हे वाक्य आठवलं आणि कान तापले. नाही म्हणावं तर आपण बावळट ठरतो, हो म्हणावं तर खोटारडे. आणि या पंधरा दिवसांत त्यांना त्या घरात पहिल्यांदा मुलासारखं वाटलं होतं, तेही चुकून.

"मी घाबरत होतो तुम्हाला सांगायला," ते म्हणाले. "बाकी काही नाही, आई. नुसती भीड."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मान वळवली. दलदलीपलीकडे त्यांचं घर दिसत होतं, पाच पायऱ्यांवर चढून बसलेलं. सगळ्यात खालची पायरी दुरून पांढरी दिसायची. ती सासऱ्यांनी आजारपणातच घातली होती, आणि चुना लावायला सासूबाईंनी बादली धरली होती.

"शुक्रवारी हे सांगणार तुम्ही?"

"मला कळत नाही काय करावं."

"तसं नका बोलू. कळत नसतं तर मला सरका म्हणाला नसतात."

त्यांनी एक पाय चिखलातून ओढून काढला. फळी ओली होती. त्यांनी हात पुढे केला. जावयाचा आधार त्यांनी आजवर कधी घेतला नव्हता, सासरे गेले त्या दिवशीही नाही. त्यांनी जावईबापूंचा खांदा घट्ट धरला आणि सगळा भार त्यावर टाकत फळीवर चढल्या. फळी कुरकुरली. जावईबापू वाकले, पण पडले नाहीत. खांदा तसाच धरून सासूबाईंनी दुसऱ्या हाताने कापडाचं टोक पुन्हा पकडलं.

"हं. आता मोजा."

त्यांनी मोजलं. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ गेली.

"किती आला?"

"कमी," जावईबापू म्हणाले.

"मग तेवढाच सांगा," सासूबाई म्हणाल्या, आणि मोजणी संपली तरी त्यांनी खांदा सोडला नाही.