बरणीतला पाव्हणा

जिवनबाईच्या माळवदावर कुरडया पडल्या, की गल्लीत कुणी ढगाचं नाव घ्यायचं नाही, हा दंडक होता. तिच्या सासूच्या वेळेपासूनचा. आभाळात काही आलंच, तर ‘पाव्हणा आला’ म्हणायचं. नाव घेतलं की तो मुक्काम ठोकतो, पाव्हणा म्हटलं की तोंड दाखवून पुढच्या गावाला जातो, हे हिंगोलीच्या त्या गल्लीतल्या बायांना पक्कं ठाऊक होतं. शेजारची हलीमासुद्धा शेवया वाळत घातल्या की हा दंडक पाळायची. एखादं लेकरू विसरलं तर पाठीत धपाटा बसायचा, आणि तो कुणाच्याही हातचा चालायचा.

त्या सालच्या कुरडया तर साध्या नव्हत्याच. जिवनबाईच्या सखूचं लग्न वसमतच्या घरात ठरलं होतं आणि रुखवतात पहिलं ताट कुरडयांचं जाणार होतं. जर्मन-जपानच्या लढाईमुळं गहू डोळ्यांना दिसेना. तिचा लेक हरिचंद तहसिलीत कारकून, त्यानं कुणाकुणाला गळ घालून बन्सी गहू मिळवला होता. तो भिजवला, रोज पाणी बदललं, वाटला, पिळला, चीक निवळला, आधणात हाटून हाटून जिवनबाईचे खांदे भरून आले. एवढं करून सकाळी माळवदावर धुतलेल्या धोतरांवर कुरडया पाडल्या होत्या, चांदण्यांसारख्या. आता नुसतं ऊन हवं होतं. दुसरा गहू मिळायचा नव्हता.

वसमतच्या बाया कुरडई हातात घेणार, उजेडाला धरणार, मोडून बघणार. जराशी पिवळी दिसली, आंबूस वास आला, की सखूला जन्मभर ऐकावं लागणार. जिवनबाईला हे सांगायला कुणी नको होतं. तिनं स्वतः दुसऱ्यांच्या रुखवतात हेच केलं होतं, आणि सेनगावची एक विहीण त्यापायी अजून तिच्याशी बोलत नव्हती.

“जिवनबाई, अवं, उन्हात काहून बसल्या?” पलीकडच्या माळवदावरून हलीमा ओरडली. “कुरडया काय पळून जाऊन राहिल्या?”

“कुरडया न्हाई पळत. घरातल्या वस्तू पळून राहिल्या.”

“कोन्त्या?”

“माझी काचेची बरनी. लिंबाच्या लोनच्याची. दोन दिस झाले, फळीवर न्हाई.”

“सुनंला इचारा की.”

“सुनंला काय इचारू? ती सांगायच्या आधी काम करून ठेवती. अशी बाई सरळ असती का?”

हलीमा हसली. जिवनबाई हसली नाही. तिची सून तारा परभणीच्या शाळेत शिकलेली. घरात आली तेव्हापासून तिनं एकदा उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि जिवनबाईला नेमका त्याचाच वहीम होता. त्यात गेले दोन दिवस काही बराबर नव्हतं. चुलीवरचं कढत पाणी तांब्यानं कमी व्हायचं, आणि न्हालेलं तर कुणी दिसायचं नाही. आगपेटी हलकी झाली होती. काडी मिळवायची म्हणजे दुकानदाराच्या पाया पडायचे दिवस, आणि इथं काड्या ओढून ओढून टाकलेल्या. मोरीच्या कडेला अर्धवट जळक्या काड्या जिवनबाईनं आपल्या हातानं उचलल्या होत्या. शिवाय हरिचंद कामासाठी औंढ्याला गेलेला. नवरा गावात नाही, माजघराचं दार आतून लावलेलं, आणि धुराचा वास. विडी म्हणावी, तर तो वास वेगळा.

दुपार कलली तेव्हा मावळतीच्या कडेला काळसर पट्टा दिसला. जिवनबाईनं डोळ्यांवर हात धरला.

“पाव्हणा हाय व्हय?” हलीमानं हळूच विचारलं.

“हाय. पन दूर हाय.”

हलीमानं शेवयांच्या काठ्या उचलायला सुरुवात केली. जिवनबाई सुनेला हाक मारायला जिना उतरली. माजघराचं दार लावलेलंच होतं. ती फटीला डोळा लावून उभी राहिली.

आत तारा जमिनीवर बसली होती. पुढ्यात ती काचेची बरणी. बरणीत वाफाळतं पाणी. तारानं काडी ओढली, फुंकून विझवली, तिचा धूर बरणीत सोडला आणि वर चटकन पितळेचं ताट ठेवलं. ताटात माठातलं गार पाणी. मग ती वाकून बरणीकडं एकटक बघत बसली, जणू आतून कुणी बोलणार होतं.

आणि बरणीत काहीतरी जमायला लागलं. पांढरं. वर ताटाखाली ते फिरलं, दाटलं, खाली उतरलं.

“झाला!” तारा स्वतःशीच टाळी वाजवून म्हणाली. “ढग झाला!”

जिवनबाईनं दारावर अशी लाथ मारली की कडी निसटून भिंतीवर आपटली.

“माझ्या घरात! माझ्या बरनीत! माझ्या कुरडया वर पडलेल्या असताना तू... तू पाव्हणा करून राहिली?”

तारा उठून उभी राहिली. “आत्याबाई, हे नुसतं वाफेचं आहे. पुस्तकातला प्रयोग आहे. गरम पाण्याची वाफ वर जाते, गार ताटाला लागते, धुराच्या कणांवर पाणी जमतं...”

“अन् वर आभाळात कुनी जमवलं? तिथंबी तूच काडी ओढली?”

“ते आपसूक आलंय.”

“तू हाक मारल्यावर आपसूकच येनार! चोराला दार उघडून दिलं अन् म्हनं आपसूक आला.”

जिवनबाईनं पुढं होऊन ताट उचललं. आतलं पांढरं वळवळत काठावर आलं आणि तिच्या तोंडासमोरून विरून गेलं. हातात काही लागलं नाही. ताटाच्या बुडाला मात्र थेंबच थेंब लोंबत होते, आणि त्यातला एक तिच्या पायावर पडला. तिनं पाय असा झटकला, जसा काही निखारा पडला.

“कशापायी हे? कुनासाठी?”

“कन्याशाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलंय,” तारा म्हणाली. “उद्या. पोरींना एक धडा देऊन दाखवायचाय. त्यांना पसंत पडला, तर शिकवायला ठेवतील.”

“मला काहून सांगितलं न्हाई?”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हनलेच असते! म्हनून तर इचारायचं असतं.”

तेवढ्यात वरून सखू ओरडली, “आई, वारं सुटलं!”

मग भांडायला वेळ कुणाला होता? तिघी जणींनी धोतरांची टोकं धरून कुरडया खाली आणल्या. अर्ध्याही सुकल्या नव्हत्या. बोट लावलं तर चिकटत होत्या. परसात पत्र्याची खोली होती, लाकूडफाटा ठेवायची. जिवनबाईनं ती झाडून घेतली, बाजा टाकल्या, त्यांवर कुरडया पसरल्या.

“शेगडी आन,” ती सखूला म्हणाली. “गवऱ्या पेटीव. अन् चुलीवरचं कढत पान्याचं पातेलं बी आत ठेव. खोली तापली पायजे. खिडकीला पोतं लाव. वारा आत आला तर खबरदार.”

“आत्याबाई, खिडकी जरा उघडी...” तारा म्हणायला लागली.

“तू तोंड मिट. तुझं शिकनं मी बघितलं.” जिवनबाईनं दार ओढून घेतलं आणि दारापुढं उभी राहिली. “ऐक आता. गाडीवाल्या ग्यानबाला सांगावा धाडते. सकाळी गाडी घेऊन येईल. ह्या कुरडया नासल्या, तर सकाळच्या रेल्वेनं तू परभणीला. तुझ्या बापाला म्हनावं, लेक लई हुशार हाय, घरात ठेवा. हरिचंद आला की मी त्याला काय ते सांगते.”

सखू रडवेली झाली. तिचं आणि वहिनीचं गूळपीठ होतं, आणि त्याचाही जिवनबाईला आधीपासून वहीम होताच.

पाऊस म्हणावा असा आलाच नाही. चार टपोरे थेंब, मग भुरभुर, आणि गार वारं. पत्र्यावर ताशा वाजल्यासारखं झालं आणि थांबलं. जिवनबाई ओसरीवर बसून राहिली. कुरडयांवर एक थेंब पडू दिला नाही, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. आत गरम, बाहेर गार. पाव्हण्याला खोलीत शिरायला भोकसुद्धा ठेवलं नव्हतं.

दिवेलागणीला ती कंदील घेऊन उठली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली.

खोली पांढरी झाली होती.

गवऱ्यांचा धूर होताच, पण तो नुसता धूर नव्हता. अंगाला लागत होता, ओला. कंदिलाभोवती त्याचं कडं पडलं. जिवनबाई दोन पावलं आत गेली. तिच्या नाकावर टपकन काहीतरी पडलं. तिनं बोटानं पुसलं, चाखलं. पाणी.

तिला आधी वाटलं, पत्रा गळतोय. कंदील वर धरला. भोक कुठंच नव्हतं. पत्र्याच्या बुडाला मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत थेंबच थेंब लोंबत होते. भरलेले, जड, आता पडतील नाहीतर मग पडतील असे. आणि खाली सखूच्या कुरडया.

हे तिनं आजच कुठंतरी बघितलं होतं.

जिवनबाई तशीच उभी राहिली. खाली गरम पातेलं. मधी धूर. वर गार झाकण. तिनं खिडकीचं पोतं बघितलं, जे तिनंच लावायला सांगितलं होतं. मग दार बघितलं, जे तिनंच ओढून घेतलं होतं. एक थेंब बाजेवर पडला. मग दुसरा.

“तारे!”

हाक अशी होती की हलीमासुद्धा आपल्या दारात आली. तारा धावत आली. उंबऱ्यात थांबली, आत बघितलं, वर बघितलं. तिच्या तोंडावर जे येत होतं ते तिनं वेळेवर गिळलं. जिवनबाईनं ते गिळताना बघितलं.

“ह्यो तुझ्या बरनीतला हितं कसा आला?”

तारा म्हणाली, “आत्याबाई, दुपारी तुम्ही ताट उचललंत, तेव्हा तो गेला होता.”

“मंग बघून काय राहिलीस? उचल की ताट!”

तारानं खिडकीचं पोतं ओढून फेकलं. सखूनं दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. पातेलं बाहेर, धुरकट गवऱ्यांची शेगडी बाहेर. हलीमा न बोलावताच आपल्या घरून कोळशाची धगधगती शेगडी घेऊन आली, बिनधुराची. वारा या दारानं शिरला आणि त्या खिडकीनं निघाला. पांढरं हलायला लागलं.

“पत्र्याचे थेंब पडतीलच अजून,” तारा वर बघत म्हणाली. “पुसता यायचे नाहीत. हात लावला की सगळे खाली.”

याचं उत्तर मात्र पुस्तकात नव्हतं. जिवनबाई तडक आत गेली, पेटी उघडली आणि लग्नात नेसायचं म्हणून ठेवलेलं सुती लुगडं काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नऊ वारांचं लुगडं दुहेरी करून चौघी जणींनी पत्र्याखाली ताणून बांधलं, मांडवासारखं. थेंब पडले ते त्यावर. लुगड्यानं ते पिऊन घेतले.

“लग्नात काय नेसता मंग?” हलीमानं विचारलं.

“तुझी साडी मागून नेसते. गप दोरी धर.”

सकाळी ऊन असं पडलं, जसं काल काही झालंच नव्हतं. कुरडया पुन्हा माळवदावर गेल्या. जिवनबाईनं एकेक उचलून उजेडाला धरली. दोन-चार कुरडयांवर थेंबाचे डाग होते, त्या तिनं बाजूला काढल्या. बाकीच्या पांढऱ्याशुभ्र, वाजतील अशा व्हायला लागल्या होत्या. एक मोडून बघितली, वास घेतला. मग दुसरीचा. आंबूस लागेना, तरी तिचा विश्वास बसेना, म्हणून हलीमालाही हुंगायला लावलं.

तेवढ्यात खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. सांगाव्याप्रमाणं ग्यानबा गाडी घेऊन दारात उभा होता.

“जिवनबाई, कुनाला न्यायचं? रेल्वेची वेळ झाली.”

तारा ओसरीवर होती. तिनं बोचकं बांधलेलं नव्हतं, पण केस विंचरून, लुगडं नीट नेसून बसली होती. कुठंही जावं लागलं तरी चालेल अशी. सखू तिच्या दंडाला धरून उभी.

जिवनबाई जिना उतरून आली. सुनेकडं न बघता माजघरात गेली आणि काचेची बरणी घेऊन बाहेर आली. घासलेली, पुसलेली. तिनंच पहाटे घासली होती, पण ते कुणाला दिसलं नव्हतं.

“बरनी न्यायची हाय,” ती ग्यानबाला म्हणाली. “कन्याशाळेत. काचेची हाय, डोक्यावरून न्यायची का मंग? गाडीत कडबा टाक खाली.”

ग्यानबा बावचळला. “नुसती बरनी?”

“बरनी काय सोताच्या पायानं वर्गात जाईल? ही जाईल संगं.” तिनं बरणी ताराच्या हातात दिली, आणि वर डागाळलेल्या कुरडयांची पुरचुंडी. “ह्या त्या बाईला दे. म्हनावं, तळून खा. डाग कशाचे ते तूच सांग, तुला येतं.”

तारा वाकून पाया पडली. जिवनबाईनं पाय मागं घेतला नाही, पण हातही लगेच वर नेला नाही. नेला तो अंमळ थांबून.

“अन् ऐक. बरनी लोनचं घालायच्या आधी घरी आली पायजे. काड्या शाळंच्या वापर, माझ्या न्हाई.”

“व्हय, आत्याबाई.”

गाडी वळणापाशी पोचली तेव्हा जिवनबाई पुन्हा माळवदावर चढलेली होती. तिनं आधी मावळतीकडं बघितलं. स्वच्छ होतं. मग वाऱ्यासाठी बोट ओलं करून वर धरलं, आणि माळवदाच्या कडेला येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“तारे! वारं आपल्या घराकडं असंल, तर झाकन उघडू नको!”