दुसऱ्यांदा वाढलेला भात

इंदिरानगरच्या त्या सोसायटीत ज्योत्स्नाचे नेम सगळ्यांना पाठ होते. सोमवार, संकष्टी आणि चातुर्मासात जेवताना मौन. पानावर बसलं की बोलायचं नाही, तोंडून एक शब्द जरी गेला तरी तिथेच उठायचं, मग पोट भरलेलं असो की नसो. नवरा सुनील सातपूरच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, वर्षातले चार महिने मी निवांत जेवतो.

यंदा मात्र तिचं चित्त नेमात नव्हतं. सायली अकरावीला गेली आणि पोरीचं काही कळेनासं झालं. एखाद्या दिवशी सगळं कपाट उपसून लावायची, गाणी म्हणायची. मग तीन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. विचारलं की अंगावर यायची. तरी ज्योत्स्ना विचारतच राही: कॉलेजात कोणी बोललं का, पोट दुखतं का, परीक्षेचं टेन्शन आहे का. शेजारच्या सुलाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तेही करून झालं.

सायलीच्या सॅकमधल्या रुमालांचं तर तिने मनावरच घेतलं नाही. त्यांवर पांढरे डाग असत आणि उग्र वास. नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा असेल, पोरगी नटायला लागली म्हणजे सावरतेय, असं तिला वाटलं. ते रुमाल ती धुऊन, इस्त्री करून पुन्हा सॅकमध्ये ठेवत होती. चांगले दोन महिने.

श्रावणातल्या एका शनिवारी सुनील पहिल्या पाळीला गेला होता. दुपारी दोघींचीच पानं. आदल्या दिवसापासून सायलीच्या पोटात काही नव्हतं. ती येऊन बसली, पण ताटाला हात लावला नाही. ज्योत्स्नाने हात जोडून पहिला घास घेतला.

"आई, ते रुमाल नेलपॉलिशचे नाहीयेत," सायली म्हणाली.

ज्योत्स्नाचा हात थांबला. दहा प्रश्न एकदम जिभेवर आले आणि तिथेच राहिले. सायली वरणाकडे बघत पुढे बोलू लागली. व्हाइटनर पातळ करायचं ते औषध. वर्गातल्या एकीने हुंगायला दिलं, डोकं हलकं होतं म्हणून. होतं घटकाभर, मग आधीपेक्षा जड होतं. पहिल्यांदा गंमत होती, आता रोज लागतं. आणि रडू येतं ते मात्र त्याच्याही आधीपासूनचं, दहावीपासूनचं.

ज्योत्स्नाच्या ध्यानात आलं, आपण गप्प आहोत म्हणून ही बोलतेय. आणि हे गप्प राहणं ताटापुरतंच. ताटात तर चारच घास वाढून घेतलेले होते. एकेक शीत निवडावं तशी ती जेवू लागली. तेही संपत आलं, तेव्हा दुसऱ्यांदा भात कधी न घेणाऱ्या ज्योत्स्नाने पातेलं ओढून मोठा डाव भरून वाढून घेतला. भूक उरली नव्हती, तरी ती जेवत होती.

बोलता बोलता सायलीने मान वर केली. "मी वेडी झालेय का गं?"

ज्योत्स्नाने हातातला घास ताटात ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"बोललीस तू. आता उठावं लागेल."

"उठते. सोमवारी आपण मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ. बाबांना मी सांगेन, तू समोर बस."

"सोमवारी तुझा उपास असतो."

"उपासाला रिक्षात बसता येतं."

ती हात धुवायला उठली. डॉक्टरांकडे नेमकं काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. मोरीतल्या बादलीत कालचा रुमाल भिजत होता. तिने तो धुतला नाही. पिळून, पिशवीत घालून बाजूला ठेवला, दाखवायला लागेल म्हणून.

ती बाहेर आली तेव्हा सायलीने आईचं ताट आपल्यापुढे ओढलं होतं. उरलेल्या भातावर वरण घेऊन ती जेवत होती, सावकाश. ज्योत्स्ना समोर बसली. आता नेमाची आडकाठी नव्हती, तरी तिने काही विचारलं नाही.