घंटेवरची ओढणी

छाया मॅडमना एकच दिवस रजा हवी होती. त्या दिवशी झोपायचं, बाकी काही बेत नाही. अंबडच्या कारखान्यांमागच्या प्राथमिक शाळेत विशेष मुलांचा वर्ग सांभाळून त्या इतक्या थकल्या होत्या, की फळ्याला टेकवला की खडूसुद्धा जांभई द्यायचा.

मुख्याध्यापक पुंजाराम सरांनी अर्ज बाजूला सारला. "रजा देतो हो, पण वर्गावर बसणार कोण? बाकीचे मास्तर मतदारयाद्यांच्या कामाला गेलेत."

"तुम्ही बसा."

"बसतो की. गाणी म्हणायची, रंग द्यायचे. त्यात थकण्यासारखं काय असतं?"

"मग आज तासभर बसून बघा. फक्त घंटेची ओढणी सोडू नका."

लहानग्या ललितला मोठा आवाज सोसत नसे. म्हणून मॅडमनीच घंटेला जुनी ओढणी गुंडाळली होती. पण शाळेची घंटा अन् तिला ओढणी? सरांना ते पटेना. तासभर वर्गावर बसून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि वर्गाच्या दारातच मधल्या सुट्टीचा टोला स्वतः हाणला.

खोटं कशाला सांगा, त्या टोल्यानं तिकडे निफाडच्या बागांत द्राक्षांचे घड गळाले म्हणतात. ललित किंचाळत टेबलाखाली शिरला. त्याचं बघून सायली रडायला लागली. सोमाच्या हातचं रंगाचं पाणी सरांच्या पांढऱ्या सफारीवर गेलं. घाबरला की साई हाती लागेल ते भांड्यात टाकायचा. आज सरांचा चष्मा खिचडी वाढायला आलेल्या लताबाईंच्या पातेल्यात गेला.

छाया मॅडम कपाळाला हात लावून धावल्या. ओढणी ललितच्या कानांवरून गुंडाळली आणि त्याच्याशेजारी टेबलाखालीच बसून राहिल्या. हळूहळू एकेक पोर निवलं.

"रोज असंच असतं?" सरांचा घसा बसला होता.

"नाही. आज तुम्ही मदतीला होतात."

दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत. रक्तदाब चढला म्हणून त्यांनी पंधरवड्याची रजा टाकली, आणि शाळेचा चार्ज आला छाया मॅडमकडे.

खुर्चीत बसल्या तर समोर स्वतःचाच अर्ज. आता सही आपलीच. त्यांनी खुशीत पेन उघडलं, वर्गाकडे एकदा बघितलं, आणि दात-ओठ खात अर्जावर लिहिलं: 'वर्गावर बसायला कोणी नाही. रजा नामंजूर.'

"काय झालं मॅडम?" चहा घेऊन आलेल्या लताबाईंनी विचारलं.

"नवीन मुख्याध्यापिका लय खाष्ट आहे हो. पुंजाराम सर बरे, तासभर तरी बसले."