दाराआडचा शुक्रवार

आमच्या गावच्या देवाला, पेरुमाळाला, दरवर्षी पंगुणी महिन्याच्या उत्सवात बायकोची बोलणी खावी लागतात. नदीपलीकडच्या गावी मुक्काम करून तो परत येतो आणि तायार, आमची देवी, त्याच्या तोंडावर दार लावून घेते. मग बाहेरून एक माणूस देवाच्या वतीनं सबबी सांगतो, आतून एक माणूस देवीच्या वतीनं त्या खोडून काढतो आणि अखेर दार उघडतं. दोघांची वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या तीच. देवळाचे पांड्य राजांच्या काळातले खांब, त्यांनाही ती पाठ झाली असतील.

आतून बोलायचा मान माझ्या अप्पांचा. बाहेरून बोलायचे ते नदीपलीकडचे सौंदरराजन मामा. त्यांच्या मुलासाठी, आरावमुदनसाठी, मला बघायला ते लोक उत्सवाआधीच्या शुक्रवारी यायचे होते. आलेच नाहीत. अम्मानं तळलेल्या बज्ज्या आणि शिऱ्यासारखी गोड सोज्जी सगळ्या आळीनं खाल्ली आणि वर आमची कीवही केली. अप्पांनी जाहीर केलं, त्या घराशी संबंध संपला. मला कुणी विचारलं नाही. आरावमुदनला मी आदल्या वर्षी पालखीच्या दांडीखाली पाहिलं होतं आणि मला तो आवडला होता. पण हे सांगायचं कुणाला?

त्या रविवारी पालखी दारापुढे आली. आत आम्ही बायका फुलांच्या परड्या घेऊन उभ्या होतो. अप्पांनी अडसर लावला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "अंगावर ओरखडे कसले?"

"रानात शिकारीला गेलो होतो, काटे लागले," बाहेरून मामा म्हणाले.

"डोळे लाल कशानं?"

"चोरांच्या मागे जागरण झालं."

इथे देवीनं थोडं नरमायचं असतं. अप्पांनी घसा खाकरला. "ते राहू द्या. शुक्रवारी कुठे होतात?"

बाहेर ढोलवाल्याचा हात थांबला. मामा हळूच म्हणाले, "हे यात नाहीये."

"तायार विचारतेय."

"तायारला शुक्रवारचं काय पडलंय?"

"तिनं कच्च्या केळ्याच्या बज्ज्या केल्या होत्या."

बाहेर हसण्याची लाट उठली. आमचे म्हातारे पुजारी, भट्टर, आतूनच कळवळून म्हणाले, "अहो, नैवेद्य निवतोय. बज्ज्यांचं घरी बघा ना."

"देवी तयार नाही," अप्पा म्हणाले.

"देवी केव्हाची तयार आहे," अम्मा म्हणाली. "तुम्हीच नाही."

पालखी एकदा उचलली की दार उघडेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. बाहेर खांदेकऱ्यांचे धापा टाकण्याचे आवाज यायला लागले. त्यातलाच एक आवाज मामांना म्हणाला, "अप्पा, सांगून टाका. माझा खांदा निघाला."

तो आरावमुदनचा होता. मी फळीच्या फटीला डोळा लावला.

मामा शेवटी देवाचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात बोलले. "आलो होतो हो. अकराला बसमधून उतरलो. राहुकाळ चालू होता. अशा वेळी मुलगी बघायला कसं शिरायचं? म्हणून धर्मशाळेत टेकलो. बारा वाजले तर तिथे पान वाढलेलं. जेवलो, जरा आडवे झालो. जाग आली तेव्हा तीन वाजून गेलेले."

"मग तीनला यायचं."

"यमगंड लागला होता, तोही अशुभच काळ. तो संपेस्तो शेवटची बस आली."

आळीतली एक आजी माझ्या कानाशी म्हणाली, "हा माणूस पंचांगातच राहतो की काय?"

"निरोप तरी पाठवायचा," अप्पा म्हणाले.

"काय सांगू? वऱ्हाड झोपलं म्हणून?"

अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं. "ठीक. मग आत्ता इथून सरळ आमच्या घरी यायचं. तरच दार उघडेल."

मामांचा आवाज एकदम खाली गेला. फटीतून मला दिसलं, ते मनगटावरचं घड्याळ बघत होते. "आत्ता पाच वाजलेत. रविवार आहे. म्हणजे सहापर्यंत..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही, इतका हशा पिकला. त्यातून आरावमुदन आपल्या वडिलांना म्हणाला, "अप्पा, तुम्ही राहुकाळ संपल्यावर या. मी पुढे होतो."

अडसर अप्पांनी काढला नाही. अम्मानं काढला. माझ्या हातातली फुलं देवावर पडायची, ती आरावमुदनवर पडली. भट्टरांनी दुसरीकडे पाहिलं.

तो खरंच पुढे आला, सोललेला खांदा घेऊन. घरात तयार काहीच नव्हतं, म्हणून मला बघायला आलेल्या मुलानं दहीभात खाल्ला आणि दोनदा मागून घेतला. मामा सहा वाजेपर्यंत उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसून राहिले. पाहुणा एकटा कसा ठेवायचा, म्हणून अप्पाही शेजारी बसले, तोंड फिरवून. बऱ्याच वेळानं मला अप्पांचं बोलणं ऐकू आलं, "पुढच्या वर्षीही विचारू म्हणतो तो शुक्रवार. लोकांना आवडला."

"विचारा," मामा म्हणाले. "पुढच्या खेपेला उत्तर पाठ करून येतो."

दोघंही आता नाहीत. पण देवी अजून दरवर्षी दाराआडून विचारते, शुक्रवारी कुठे होतात, आणि देव राहुकाळाचं नाव सांगतो. यंदा कुणी बाहेरगावच्या बाईनं याचा अर्थ विचारला, तेव्हा भट्टरांचा नातू गंभीरपणे म्हणाला, फार प्राचीन परंपरा आहे, त्यात गूढ अर्थ आहे. आरावमुदन माझ्याशेजारीच उभे होते. त्यांनी नुसता खांदा चोळला.