बाकाच्या टोकाची जागा

सामन्याच्या सकाळी बायकोने एका जाडजूड टॉवेलची घडी आपल्या भावाच्या पिशवीत घातली, तेव्हा तिचा नवरा दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. नाड्या बांधून झाल्या होत्या; तरी त्याने त्या सोडल्या आणि पुन्हा बांधायला घेतल्या.

"माझ्या पिशवीत नाही तो असला टॉवेल?"

"तुमचा रोजचा आहे की आत," ती म्हणाली. "हा त्याला लागतो."

"त्याला कशाला? घाम येतो कुठे त्याला? सगळा वेळ बसून तर असतो."

"म्हणूनच लागतो," असे म्हणून ती आत गेली. त्याने पुढे विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि मिळालेले उत्तर कदाचित साधे निघाले असते. त्याला त्या सकाळी साधे उत्तर नको होते.

बाटल्यांच्या कारखान्यात आणि कारखान्याच्या बेसबॉल संघात सगळे त्याला 'भिंत' म्हणत. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या, मागे उकिडवा बसून, तोंडावर जाळी आणि छातीवर कवच बांधून पिचरचा प्रत्येक चेंडू झेलायचा, हे कॅचरचे काम तो चौदा वर्षे करत होता. त्याच्यामागे चेंडू जाणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती, की कधी गेलाच तर पंचही वळून पाहत. चार वर्षांपूर्वी मेहुण्याला पॅकिंग विभागात नोकरी लागली ती याच्याच शब्दावर. घरातली मागची खोलीही त्याला यानेच रिकामी करून दिली. संघात राखीव कॅचर म्हणून त्याचे नाव घालावे, हेही यानेच सुचवले होते. आपल्याला पर्याय म्हणून आपलाच माणूस असलेला बरा, असा त्यात हिशेब होता. तो हिशेब आता त्याच्या अंगाशी आला होता.

कारण बाकावर बसणारी मंडळी नुसती बसत नव्हती. सराव संपून नेहमीचे नऊ जण घरी गेले, की गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी राखीव पिचर चेंडू टाकत आणि मेहुणा ते झेलत राही. भिंतीपलीकडून तो आवाज सायकल काढताना याच्या कानावर पडे. हातमोज्याच्या बरोबर मध्यावर चेंडू बसला, की जो भरीव 'थप्प' आवाज होतो, तोच. त्या आवाजावर आपला मालकी हक्क आहे अशी त्याची समजूत होती, आणि तो दुसऱ्याच्या हातातून ऐकू आला, की हा सायकल जोराने दामटत निघून जाई.

"आठवड्यातून दोन दिवस तूही राखीव पिचरांचे चेंडू झेलत जा," मोसमाच्या सुरुवातीला मास्तरांनी सांगितले होते. मास्तर म्हणजे भट्टीवरचे फोरमन आणि संघाचे प्रशिक्षक. "त्यांचीही सवय हवी हाताला. संघ नऊ जणांचा नसतो रे, बाकासकट असतो."

"माझी गरज बांबूला आहे," त्याने उत्तर दिले होते.

बांबू हा संघाचा मुख्य पिचर. सहा फूट तीन इंच उंच आणि जेमतेम कमरपट्टा टिकेल इतका रुंद. त्याच्या वेगापुढे प्रतिस्पर्धी हतबल होत. बांबू टाकणार आणि भिंत झेलणार, यावर संघाचा चार वर्षांचा लौकिक उभा होता, आणि त्यात तिसऱ्याला शिरकाव नव्हता.

राखीव पिचरांतला चांगला म्हणजे गोगलगाय. तो माल पोहोचवणीचा ट्रक चालवी, आणि चेंडूही तसाच टाकी, सावकाश, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने. पण तो चेंडू बॅटरपाशी पोचता पोचता एकदम खाली बसे, जणू चालून चालून थकला. गोदामामागे एकदाच जाऊन याने तो झेलायचा प्रयत्न केला होता. तीनांतले दोन पायांमधून निघून गेले. "भाऊजी, त्याचा चेंडू पाहायचा नाही, मनगट पाहायचं," मेहुणा मदतीच्या सुरात म्हणाला. त्या सुरामुळेच तो पुन्हा कधी गोदामामागे फिरकला नाही.

मोसमाचा अखेरचा सामना. जिंकले तर वरच्या गटात, हरले तर आहेत तिथेच. नवापैकी सहा डाव होईपर्यंत चार विरुद्ध एक अशी आघाडी होती.

सातव्या डावात बांबूच्या चेंडूचा आवाज बदलला. प्रेक्षकांना ते कळणे शक्य नव्हते, मास्तरांनाही नाही. ते फक्त याच्या तळहाताला कळले. 'थप्प'मधला ठोसा गेला होता आणि चेंडू हातमोज्यात नुसता येऊन पडत होता. मास्तरांनी बाकावरून खूण केली, कसा आहे हात? कॅचरने खरे सांगायचे, हा या खेळातला शिरस्ता. पिचर स्वतः कधी कबूल करत नाही, म्हणून तर कॅचरला विचारतात.

त्याने अंगठा वर केला.

तेवढ्या एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून सगळे सरकून गेले. बांबू बाहेर म्हणजे गोगलगाय आत. गोगलगाय आत म्हणजे त्याला झेलणाराही आत. आणि या खेळात एकदा बदललेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही, असा नियमच आहे. गॅलरीत बायको बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत आपण कवच उतरवायचे, आणि ते तिच्या भावाने चढवायचे? त्यापेक्षा बांबू अजून दोन डाव ओढेल. ओढायलाच हवे त्याने.

त्या डावात दोन धावा गेल्या. चार विरुद्ध तीन.

आपली बॅटिंग आली म्हणून सगळे बाकापाशी परतले. बांबू पाणी प्यायला उभा राहिला. पेला उजव्या हातात होता, आणि पाणी काठावरून त्याच्या बुटांवर सांडत होते. त्याने पेला गुपचूप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात मांडीमागे लपवला. मग याच्याकडे पाहून हसला. "काय, आहे ना दम अजून?"

"आहे की," हा म्हणाला.

कारखान्यात तो बाटल्या तपासायच्या पट्ट्यावर बसे. मागून उजळलेल्या पांढऱ्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जात. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की उचलून बाजूला करायची. पण कितीही तरबेज माणूस असो, पडद्यासमोर अर्ध्या तासाहून जास्त बसू देत नसत. घंटा झाली की उठायचे आणि दुसऱ्याने बसायचे. अर्ध्या तासानंतर डोळे तडा पाहतात पण त्यांना तो दिसत नाही. इतक्या वर्षांत त्या घंटेचा त्याला कधी अपमान वाटला नव्हता. उलट एकदा त्याच्या आधीचा तपासनीस घंटेनंतरही हट्टाने बसून राहिला, आणि त्या दिवशीची अख्खी गाडी परत आली, तेव्हा सगळ्यांत जास्त तोंडसुख यानेच घेतले होते.

बांबूचा हात म्हणजे बांबूचे उद्याचे सगळे मोसम. आपण अंगठा वर केला तो कुणासाठी, हे त्याला नीट ठाऊक होते.

तो मास्तरांजवळ गेला. "बांबूचा हात संपलाय."

मास्तर त्याच्याकडे वळले. "आत्ता?"

"सातव्यातच. मी खोटं सांगितलं."

मास्तर रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "बरं. गोगलगाय येईल. झेलशील?"

इथे हो म्हणता आले असते. त्याने बाकाच्या टोकाकडे पाहिले. मेहुणा उठून उभाच होता, पण पुढे आला नव्हता. नजर जमिनीकडे. निदान हावरटासारखा तरी दिसला असता, तर नाही म्हणणे सोपे गेले असते.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या पायांतून जातात त्याचे. याला घाला."

संघाकडे कॅचरचा साज एकच होता. कवचाचे पट्टे चौदा वर्षांत याच्या अंगाच्या मापाला इतके वळले होते, की पाठीवरचे बक्कल मेहुण्याच्या हाताला सापडेना. शेवटी यालाच मागे उभे राहून पट्टे ओढावे लागले. एक भोक आत, मग आणखी एक.

"भाऊजी, घट्ट होतंय."

"सैल ठेवलं तर चेंडू बरगडीत बसेल. घे श्वास." त्याने पट्टा जरा जास्तच जोराने ओढला. तेवढे त्याला आवरले नाही.

मग बसायला जागा शोधताना त्याला कळले की बाकावर आपण कधी बसलेलोच नाही. नेहमीचे खेळाडू छपराखाली टेकत. राखिवांची बसायची जागा म्हणजे पुढे उन्हात आलेला बाकाचा पत्र्याचा भाग. तो बसला आणि तसाच उडून उभा राहिला.

बाकावरचे चार जण एकदम हसले. त्यांतला वयाने मोठा, सगळे ज्याला 'काका' म्हणत तो सुतार, सरकत म्हणाला, "या, या, भिंतसाहेब! आमच्या मोहल्ल्यात स्वागत आहे. तव्यावर असंच बसायचं नसतं. तो टॉवेल घ्या खाली. चार वर्षं हाच शहाणपणा करतोय तुमचा मेहुणा, आणि आम्ही भाजून घेतोय."

जाडजूड घडी बाकाच्या टोकाला होती. मधोमध ती बसून बसून चपटी झाली होती. तो तिच्यावर बसला. गॅलरीकडे त्याने मुद्दामच पाहिले नाही.

आठवा डाव कोरडा गेला. गोगलगायचे चेंडू येत होते, बसत होते, आणि मेहुण्याच्या हातमोज्यात निमूट जात होते. प्रत्येक चेंडूआधी मेहुणा हातमोजा दोनदा जमिनीवर आपटी. ती सवय याची होती. ती याने शिकवलेली नव्हती. या टोकाच्या जागेवरून पाहून पाहून उचललेली होती. त्याला अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो मत्सरच, आणि तोही नव्या धारेचा. माझे हातसुद्धा नेलेस का रे?

नवव्या, शेवटच्या डावाआधी मेहुणा जाळी डोक्यावर सरकवून धावत आला. "भाऊजी, तो डावखुरा परत येणार. आज त्यानं बांबूला दोनदा फटकावलंय. हातमोजा कुठे ठेवू?"

याला ते ठाऊक होते. दोन्ही फटक्यांच्या वेळी त्या डावखुऱ्याच्या पाठीशी बसून याने त्याची टाच पाहिली होती. सांगितले नाही, तर कुणाला कळणार नव्हते. 'काय माहीत' एवढे दोनच शब्द पुरेसे होते. ते ओठांपर्यंत आलेही.

"टाच उचलतो तो," तो म्हणाला. "वरचा चेंडू सोडत नाही. पण टाच उचलली की त्याला वाकता येत नाही. तिसरा चेंडू पार मातीत घे. अंगावर घ्यायची तयारी ठेव, हातमोज्याच्या भरवशावर राहू नकोस."

"मातीत? तिसऱ्या बेसवर माणूस असला तर? चेंडू मागे गेला की तो धावत येणार, आणि बरोबरी."

"म्हणून तर पट्टा घट्ट बांधलाय."

दोघे बाद झाले, तिसरा गेला की सामना संपणार होता, आणि तिसऱ्या बेसवर खरोखरच एक माणूस उभा होता. डावखुऱ्याने पहिले दोन चेंडू हुकवले. तिसऱ्यावर गोगलगायचे मनगट वळले, चेंडू रमतगमत निघाला, ऐन वेळी मातीत बसला. बॅट हवेतून फिरली. टप्पा पडून चेंडू उसळला तो थेट मेहुण्याच्या छातीवर आपटला आणि पुढ्यात पडला. टप्पा पडलेला चेंडू तिसऱ्यांदा हुकला, तरी तो अंगाला टेकवल्याशिवाय बॅटर बाद होत नाही; मेहुण्याने तो उचलून डावखुऱ्याच्या पाठीला टेकवला. पंचाचा हात वर गेला.

सगळे मैदानात धावले. काकाही, गुडघ्याला हात लावत. बांबू उजवा हात जपत, डाव्याने टोपी उडवत गेला. गॅलरीत बायको दोन्ही हात उंचावून ओरडत होती. भावाचेच नाव असणार. मास्तर जाता जाता याच्यापाशी थांबले. "मातीत घ्यायला कुणी सांगितलं त्याला?"

"तोच हुशार आहे," तो म्हणाला.

मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले.

तिकडे मेहुण्याला उचलले होते, आणि कवचाचा पट्टा सुटून लोंबत होता. पट्टे पुन्हा याच्याच मापाला आणायला आठवडाभर तरी लागणार होता. आणायचे की नाही, हे अजून ठरायचे होते. तो उठला. टॉवेल उचलून झटकला, नीट चौघडी केली, क्षणभर विचार केला आणि ती आपल्या पिशवीत न घालता मेहुण्याच्या पिशवीत घातली. मग थांबला, पुन्हा बाहेर काढली आणि आपल्या पिशवीत ठेवली. मोसम संपला असला, तरी उद्यापासून गोदामामागे गोगलगायचे चेंडू झेलायला तोही जाणार होता, आणि आपली पाळी येईपर्यंत बसायला ती लागणार होती.