चाचणीच्या टेबलावरचा पंप

मित्रांनो, रुग्णालयात खाटेशेजारच्या दांडीला अडकवलेला एक छोटा पंप तुम्ही कदाचित पाहिला असेल. त्यात औषधाने भरलेली मोठी सिरिंज आडवी बसवतात. परिचारिका बटणे दाबून आकडा भरते आणि पंप ते औषध अगदी हळूहळू, तासन्‌तास रुग्णाच्या नसेत सोडत राहतो. मी तसलाच एक जुना पंप आहे. माझ्याबरोबर तयार झालेली सगळी भावंडे दवाखान्यांत गेली. मी मात्र कारखान्यातच राहिलो. आयुष्यभरात मी एकाही रुग्णाला थेंबभर औषध दिलेले नाही. मी फक्त पाणी सोडले.

माझे अंग म्हणजे एक मोटर, एक पडदा, काही बटणे आणि एक बॅटरी. पण एवढ्याने कोणी पंप होत नाही. कोणते बटण दाबल्यावर मोटरने किती फिरायचे, वीज गेली तर काय करायचे, घंटा केव्हा वाजवायची, हे सगळे माझ्या पोटातल्या सूचनांत लिहिलेले असते. त्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. आमच्या सूचना लिहिणाऱ्या प्रोग्रामरला सगळे दादा म्हणत. दादांनी काही नवे लिहिले की ते आधी माझ्या पोटात भरले जाई. माझ्या नळीतून पाणी एका काचेच्या मापपात्रात पडे, आणि पडद्यावर दिसते तेवढेच पाणी खाली पडते का, हे पाहिले जाई. तिथे सगळे जुळले तरच त्या सूचना दवाखान्यांतल्या भावंडांपर्यंत पोहोचत.

हे पाहण्याचे काम एका बाईंकडे होते. त्यांचे बहुतेक प्रश्न 'पण' या शब्दाने सुरू होत, म्हणून सगळे त्यांना पणताई म्हणत. पण आकडा शून्य भरला तर? पण सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढचा भरला तर? पण काहीच न भरता सुरू करायचे बटण दाबले तर? पण चालू असताना वीज गेली तर? त्या मला असे नाना तऱ्हेने छळत. त्यांच्या सासूबाईंनी म्हणे एकदा पाहुण्यांसमोर तक्रार केली होती, की आमच्या सूनबाईंना चहा गोड झालाय का असे विचारले, तर त्या आधी विचारतात, किती गोड हवा होता? जेवणाच्या सुट्टीत पणताईंनीच हे हसत सांगितले होते. वर त्या म्हणाल्या, की यात चुकीचे काय आहे तेच कळत नाही. काय हवे होते ते ठाऊक नसेल, तर झाले ते बरोबर की चूक हे सांगायचे कसे?

दादांचे आणि त्यांचे रोज वाजे. चूक दाखवली की दादा म्हणत, माझ्या टेबलावर तर नीट चालते. त्यावर पणताईंचे उत्तर ठरलेले असे, की रुग्ण काही तुमच्या टेबलावर झोपणार नाही. तरी दादा मुकाट्याने उठत, माझ्यासमोर येऊन बसत आणि चूक दुरुस्त करत. त्या भांडणांत माझ्या भावंडांचे भले झाले.

अशी बरीच वर्षे गेली. माझे कौतुकही झाले. कारखाना पाहायला पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना माझ्यापुढे आणत आणि माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत, की आमचा हा पंप आजवर एकदाही नापास झाला नाही. ते खरेही होते. कारण पणताईंचे प्रश्न आता ठरून गेले होते. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, दर वेळी. ज्या चुका त्या प्रश्नांना सापडण्यासारख्या होत्या, त्या केव्हाच सापडून गेल्या होत्या. उरलेल्या चुकांना कोणी काही विचारतच नव्हते.

मग एका रुग्णालयातून तक्रार आली. तिथे एक आजोबा दाखल होते. त्यांचा रक्तदाब फार खाली गेला होता, म्हणून तो वर आणणारे औषध माझ्या एका भावंडातून चालू होते. दाब सुधारल्यावर डॉक्टरांनी औषध तासाला वीस मिलिलिटरवरून पाचावर आणायला सांगितले. थोड्या वेळाने आजोबांचे डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली, दाब भलताच चढला. ड्यूटीवरच्या सिस्टरने पाहिले तर सिरिंज जवळजवळ रिकामी झाली होती. तिने लगेच पंप बंद केला आणि डॉक्टरांना बोलावले. आजोबा वाचले. सिस्टर मात्र अडकली. पडद्यावर पाच होते आणि औषध गेले होते विसाच्या हिशेबाने. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की सिस्टर आकडा बदलायला विसरली आणि आजोबा बिघडल्यावर तिने तो घाईघाईने बदलला. केलेल्या कामाची नोंद ठेवण्याची सोय तेव्हा आमच्या जातीच्या पंपांत नव्हती. ती एवढेच म्हणत राहिली, की मी आकडा वेळेवर बदलला होता. तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवले.

तो पंप तपासायला आमच्याकडे आला. पणताईंनी त्याला माझ्याशेजारी ठेवून ठरलेले सगळे प्रश्न विचारले. त्याने सगळी उत्तरे बरोबर दिली. मीही दिली. पणताईंनी अहवालात लिहिले, 'दोष नाही', आणि सही केली. तेवढ्या दोन शब्दांवर रुग्णालयाने सिस्टरला दोषी धरायची तयारी केली.

आठवड्याभरात पणताई अस्वस्थ झाल्या. त्या माझ्यासमोर येऊन बसत आणि काहीच करत नसत. एकदा त्या दादांना म्हणाल्या, "मी 'दोष नाही' असं लिहायला नको होतं. 'दोष सापडला नाही' असं लिहायला हवं होतं."

दादा म्हणाले, की दोन्ही एकच.

"एकच कसं? पहिलं पंपाबद्दल आहे. दुसरं माझ्याबद्दल."

त्यांनी मोठ्या साहेबांची परवानगी काढली आणि सिस्टरला कारखान्यात बोलावले. सिस्टर आली ती तिच्या थोरल्या जाऊबाईंना बरोबर घेऊन. घरून तिला कोणी येऊ देत नव्हते. पंप त्यांचा, तपासणारे तेच, मग ते आपलीच बाजू धरणार, असे घरच्यांचे म्हणणे होते. जाऊबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. ही खोटे बोलत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण घरच्यांचे कोण ऐकतो, एवढेच त्या बोलल्या.

सिस्टरने सगळी हकिकत सांगितली. ती बहुधा अनेकदा सांगून झाली असावी, कारण ती न अडखळता, कसलाही चढउतार न करता सांगत होती. पणताईंनी ऐकून घेतले आणि मला तिच्यापुढे सरकवले.

"आता सांगू नका सिस्टर. करून दाखवा."

सिस्टरने खुर्चीत बसून माझा आकडा विसावरून पाचावर आणला. मी आज्ञेप्रमाणे पाचावर आलो. तिने पुन्हा केले. मी पुन्हा पाचावर आलो. दर वेळी पडदा आणि पाणी जुळत होते. सिस्टरचा चेहरा उतरत गेला. दादा सभ्य माणूस, ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग पणताईंनी विचारले, की वॉर्डातही तुम्ही अशाच खुर्चीत बसून बटणे दाबता का? सिस्टरला त्या स्थितीतही हसू आले. वॉर्डात बसायला मिळते कोणाला, असे ती म्हणाली. त्या वेळी आजोबांना छातीच्या फोटोसाठी खाली न्यायचे होते. माणूस खाट ढकलायला येऊन उभा होता.

हे तिने आधी कोणालाच सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. आणि तिलाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. रुग्णाला फोटोला नेणे ही रोजचीच गोष्ट.

पणताईंनी खोलीचा वॉर्ड केला. चाकांचे एक लांब टेबल भिंतीजवळ ओढले. मला दांडीला अडकवले, माझी वायर भिंतीतल्या प्लगला लावली आणि मला विसावर चालू केले. रुग्ण कोणी व्हायचे यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी दादा चपला काढून टेबलावर आडवे झाले आणि त्यांच्या उशाशी मापपात्र ठेवून माझी नळी त्यात सोडली. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

सिस्टर उभी राहिली आणि तिचे हात बदलले. खुर्चीतली अवघडलेली बाई तिथे उरली नाही. तिने पायाने चाकाचा अडसर काढला, उजव्या अंगठ्याने पाच भरले, आणि 'ठीक' हे बटण दाबता दाबता डाव्या हाताने माझा प्लग खेचून वायर खांद्यावर टाकली. टेबल हलले. सगळे मिळून एकच हालचाल झाली. माझ्या पडद्यावर पाच आले. मी बॅटरीवर चालू लागलो.

खोलीत सगळे पडद्याकडे पाहत होते. आडव्या पडलेल्या दादांना पडदा दिसत नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त नळीचे टोक होते. थोडा वेळ ते त्याकडे पाहत राहिले.

"थांबा," ते हळू आवाजात म्हणाले. "हे पाच नाहीये. पाचाला थेंब इतका लवकर पडत नाही. मी अजून विसावर आहे."

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, की तुला आतून कळले नाही का? नाही कळले. मला सांगितलेलेच मी करत होतो. विजेवरून बॅटरीवर जाताना क्षणभर मी मोटरचा जुना आकडा धरून ठेवायचा, अशी सूचना होती. मोटर थांबू नये म्हणून दादांनीच ती घातली होती. नेमका त्याच क्षणी नवा आकडा आला, तर तो पडद्यापर्यंत जाई आणि मोटरपर्यंत पोहोचतच नसे. प्लग काढण्याची चाचणी माझ्यावर शेकडो वेळा झाली होती. आकडा बदलण्याचीही झाली होती. दोन्ही एकदम कधीच झाले नव्हते, कारण टेबलाशी बसलेल्या माणसाला कुठे जायचेच नसते.

सिस्टरने पुन्हा करून दाखवले, तेव्हा सगळे ठीक चालले. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बिघडले. पणताईंनी स्वतः करून पाहिले, दादांनी करून पाहिले. संध्याकाळपर्यंत ती चूक हवी तेव्हा बोलावता येऊ लागली. मगच पणताई खुर्चीत टेकल्या. सिस्टर जाऊबाईंच्या खांद्यावर डोके ठेवून बराच वेळ बसून होती. तिला कोणी पाणी दिले, ते तिने हातात तसेच धरून ठेवले होते.

मोठे साहेब आले. त्यांनी स्वतः नळी पाहिली, पडदा पाहिला. नंतर त्यांनी सुचवले, की दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर सगळ्या दवाखान्यांना पाठवू, पण कारणाचा गाजावाजा नको. इतकी वर्षे कमावलेले नाव आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते.

पणताई या वेळी 'पण' म्हणाल्या नाहीत.

"कारण सांगितलं नाही तर पंप सुधारेल साहेब. सिस्टर खोटीच राहील. आणि आज कुठल्या तरी वॉर्डात कोणीतरी अशीच वायर काढत असेल. त्यांना आजच कळायला हवं."

दादा उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, की ती सूचना माझी आहे, माझे नाव घालून सांगा. मग साहेबांनी फोन उचलला आणि पहिला फोन त्याच रुग्णालयाच्या प्रमुखांना केला. बाकीच्या दवाखान्यांना त्याच संध्याकाळी निरोप गेले, की आकडा बदलताना प्लग काढू नका.

दुरुस्ती लगेच झाली असे मात्र समजू नका. दादांनी केलेल्या पहिल्या दुरुस्तीत आकडा नीट पोहोचू लागला, पण बॅटरी संपत आल्याची घंटा वाजेनाशी झाली. एक भोक बुजवताना दुसरे पडले होते. पणताईंनी सगळी चाचणी पहिल्यापासून केली, म्हणून ते सापडले. साहेब घाई करत होते. तरी सगळे पुन्हा तपासल्याशिवाय पणताईंनी सही केली नाही. आणि या वेळी अहवालात त्यांनी काय काय तपासले ते लिहिलेच, शिवाय काय तपासता आले नाही तेही लिहिले.

सिस्टर कामावर परत गेली. ज्यांनी तिला खोटे ठरवले होते, त्यांतल्या एका डॉक्टरांनी तिची माफी मागितली. बाकीचे जणू काही घडलेच नव्हते असे वागू लागले, आणि तेच तिला जास्त लागले, असे तिने पणताईंना सांगितले. पणताईंनीही तिची माफी मागितली. सिस्टरने ती माफी चटकन स्वीकारली नाही. तुम्ही सही करायच्या आधी मला एकदा बोलवायला हवे होते, असे ती म्हणाली. पणताईंनी ते मान्य केले. त्यानंतर नवे सॉफ्टवेअर आले की वॉर्डातली कोणीतरी सिस्टर माझ्यासमोर येऊन उभी राहू लागली. बसायला खुर्ची कोणी देत नसे. पहिल्यांदा आली ती हीच सिस्टर.

पुढे नव्या धाटणीचे पंप आले. माझी बटणे झिजली, बॅटरी धरेनाशी झाली. मला खालच्या फळीवर ठेवले. माझ्यावर जुन्या वायरी पडल्या, त्यांवर धूळ बसली. पणताई निवृत्त झाल्या, तेव्हा मी त्या वायरींखालीच होतो. अलीकडे कोणीतरी मला पुसून नव्या लोकांच्या शिकवणीच्या खोलीत आणून ठेवले आहे. आता माझ्यातून पाणीही जात नाही.

त्या आजोबांना यातले काही कळले नाही. ते बरे होऊन घरी गेले. दुरुस्तीनंतर ज्यांना त्रास झालाच नाही, त्यांना तर कळण्याचा प्रश्नच नाही. आमच्या टेबलावरच्या कामाचे आभार मानायला कोणी येत नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा. धूळ पुसा, बॅटरी वेळेवर बदला. आमच्याकडून काम करून घेणाऱ्या माणसांचीही तेवढीच काळजी घ्या. यंत्र आणि माणूस यांचे म्हणणे जुळले नाही, तर यंत्राला खोटे बोलता येत नाही असे समजून त्यालाच खरे धरू नका. 'मी बरोबर केले होते' असे कोणी म्हणाले, तर निकाल देण्याआधी त्याला एकदा उभे करा, त्याचे दोन्ही हात मोकळे सोडा आणि म्हणा, करून दाखव.